सतरा नंबरचं घर

मनस्वी भाटकरनं पडद्यावर पुढचं पान आणलं आणि तन्वीर मुकादमला स्वतःच्या बायकोचं बोलणं वाचायला मिळालं. वर नुसतं 'घर सतरा' लिहिलेलं होतं. नावं काढून टाकलेली होती, उरले होते फक्त 'ती' आणि 'तो'.

ती : काल मी स्टँडजवळ गेले होते ना, तिथं ते मला–
तो : हं.
ती : म्हणजे मी आधी कुणाला बोलले नव्हते, पण–
तो : हं हं. पाव आहेत का अजून?
ती : आहेत.

खोलीत मराठीचे, मानसशास्त्राचे मिळून पाच-सहा प्राध्यापक बसले होते. पंखा फिरत होता तरी फेब्रुवारीचं ऊन खिडकीच्या काचेतून थेट टेबलावर आलं होतं. तन्वीरनं पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. रत्नागिरीतली माणसं आपापल्या घरात एकमेकांशी कशी बोलतात याचा अभ्यास त्यानं आणि मनस्वीनं दोन वर्षांपूर्वी सुरू केला होता. तो संख्याशास्त्र शिकवायचा, ती भाषा. घराघरात एका माणसाच्या कॉलरला छोटा रेकॉर्डर लावायचा, एक रविवार तो चालू ठेवायचा, मग बोलणं शब्दन् शब्द उतरवून काढायचं. त्यापुढं दोघांचे रस्ते वेगळे. तन्वीरनं प्रत्येक वाक्याला खूण द्यायची पद्धत बसवली होती : हा प्रश्न, हे उत्तर, हा प्रतिसाद, हे पुन्हा विचारणं. खुणा मोजल्या की घराचा आकडा तयार व्हायचा. मनस्वी तीच पानं घेऊन कोपऱ्यात बसायची आणि वाचत राहायची. "तुम्ही मोजा, मी ऐकते," असं ती सुरुवातीला म्हणाली होती, आणि तो म्हणाला होता, "ऐकलेलं एकट्याचं असतं, मॅडम. मोजलेलं सगळ्यांचं." त्याला ते वाक्य आवडलं होतं. अहवालाच्या प्रस्तावनेतसुद्धा त्यानं ते घातलं होतं.

सतराव्या घराचं असं झालं होतं की मिरकरवाड्यातलं एक कुटुंब ऐनवेळी मागं फिरलं. नारळी पौर्णिमा झालेली, होड्या समुद्रात गेलेल्या, घरात बोलायला पुरुषच नाहीत तर काय लावता तुमचं यंत्र, असं तिथल्या म्हातारीनं तोंडावर सांगितलं. वेळ कमी होता. तन्वीरनं रेकॉर्डर घरी नेला आणि कोकणनगरच्या आपल्या घरी तो रविवार स्वतःच्या कॉलरला लावून काढला. शमीमनं कागदावर सही केली. "लावा. माझं काय जातंय," म्हणाली. कुठल्या नंबरचं घर कुणाचं हे फक्त तन्वीरकडे होतं, आणि उतरवून घ्यायचं काम चिपळूणच्या कॉलेजातल्या मुलींकडे. त्यांनी ना त्याला पाहिलं होतं, ना त्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. म्हणून हे कुणाला कळणं शक्य नव्हतं. कळायला तसं त्यात काही आहे असंही त्याला वाटलं नव्हतं. उलट आकडे आले तेव्हा तो मनातून सुखावला होता. बायकोच्या बोलण्याला नवऱ्यानं दिलेला प्रतिसाद सगळ्या घरांमध्ये सतरा नंबरचा सगळ्यात जास्त होता. तिचं जवळजवळ एकही वाक्य त्यानं रिकामं जाऊ दिलं नव्हतं.

"आकड्यांत हे आपलं सगळ्यात चांगलं घर आहे," मनस्वी म्हणाली. "पण मी ते तीनदा वाचलं. ही बाई सकाळपासून काहीतरी सांगायला बघतेय. नाश्त्याला एकदा, दुपारी एकदा. आणि हे संध्याकाळचं." तिनं पान सरकवलं.

ती : ऐका ना.
तो : हं.
(विराम)
ती : काही नाही.

मानसशास्त्राचे गुरुप्रसाद सर हसले. "हे तर घरोघरचं आहे, मॅडम. आमच्याकडे या, रेकॉर्डरची बॅटरी फुकट जाईल."

"मला हसायला नाही आलं सर," मनस्वी म्हणाली. "ह्याचा 'हं' बघा कुठं पडतोय. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधी. आपण त्याला प्रतिसाद म्हणून खूण दिली. तो प्रतिसाद नाहीये, तो दार लोटून घेतोय. लावलेलं नाही, नुसतं लोटलेलं. बाहेरच्याला वाटतं उघडंच आहे."

सगळ्यांनी तन्वीरकडे पाहिलं, कारण खुणा त्याच्या. त्याला काहीतरी बोलणं भाग होतं. 'हं' ही ऐकत असल्याची पोचच असते, जगात सगळीकडे ती तशीच मोजतात, एका घरावरून पद्धत बदलता येणार नाही, असं तो बोलला. आवाज नेहमीसारखा आला. मनस्वीनं मान हलवली, वाद घातला नाही. "पद्धत राहू दे, सर. मला फक्त वाटत राहतं, काय सांगायचं असेल हिला? आपल्याकडे ते कधीच येणार नाही." आणि मग सहज विचारावं तसं, "तुम्हाला माहीत असेल ना, हे घर कुणाचं ते?"

"नंबर यादीत बघावा लागेल," तन्वीर म्हणाला. "आता लक्षात नाही."

बैठक संपल्यावर तो आपल्या विभागात आला आणि दार लावून बसला. खोटं बोलल्याचं त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. 'काय सांगायचं असेल हिला' हा प्रश्न मात्र कानात गेलेल्या पाण्यासारखा हलत राहिला. स्टँडजवळ. शमीम ऑगस्टमध्ये स्टँडजवळ कशाला गेली होती? तिथं काय आहे? कापडाची दुकानं आहेत, बँक आहे, दवाखाने आहेत, तिच्या शाळेतल्या कुणा बाईंचं घर आहे. ती उर्दू शाळेत तिसरीचा वर्ग घ्यायची, अठरा-एकोणीस वर्षं घेत आली होती. तिच्या येण्याजाण्याच्या वाटा त्याला पाठ आहेत असं तो धरून चालला होता. आता एकेक वाट मनात काढून बघायला लागला तर प्रत्येक वाट थोड्या अंतरावर जाऊन धुक्यात शिरत होती. आपल्याच घरातल्या माणसाचा आदला दिवस आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट तशी साधी होती. कुणाला कुणाचा आदला दिवस माहीत असतो? पण ती तीनदा सांगायला आली होती, आणि तो तिथंच होता, तिच्या समोर, हातभर अंतरावर.

त्यानं कपाटातून रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह काढला, संगणकाला जोडला, कानाला हेडफोन लावले. आधी पाऊस आला. पत्र्याच्या पडवीवरचा तो सारखा कोसळणारा आवाज, त्याखाली कुकरची शिट्टी, कपबशा, बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारतंय. आणि मग अचानक, अगदी कानाला तोंड लावल्यासारखा, स्वतःचा श्वास. रेकॉर्डर त्याच्याच कॉलरला असल्यामुळं तो सगळ्यात मोठा होता. त्याचं चहा गिळणं, घसा खाकरणं, वर्तमानपत्राची घडी. शमीमचा आवाज लांबून यायचा, विहिरीच्या पलीकडून कुणी बोलावं तसा. "काल मी स्टँडजवळ गेले होते ना." तो 'ना' त्याला कागदावर नीट दिसला नव्हता. त्यात थोडा लाड होता, थोडी भीती. आणि त्या 'ना'वरच त्याचा 'हं' येऊन बसला होता, हळू, जाड, वर्तमानपत्रातून मान न काढता म्हटलेला.

हा 'हं' आपण कुठं शिकलो? त्याच्या लहानपणी अब्बा कुवेतला होते. पत्रं लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून ते कॅसेट भरून पाठवायचे. गावातलं कुणी सुट्टीवर आलं की साबण, अत्तर आणि कॅसेट यायची. अम्मी टेपरेकॉर्डर मध्ये ठेवायची, घरातली सगळी माणसं भोवती बसायची, आणि अब्बा बोलायला लागायचे. अम्मी पदर सावरून प्रत्येक वाक्याला मान डोलवायची, "हो", "मिळाले", "दिले त्यांना" असं म्हणत राहायची, जणू ते पलीकडून ऐकताहेत. शेवटी अब्बा त्याचं नाव घ्यायचे. "तन्वीर, शाळेत जातोस ना?" मग थोडी जागा सोडलेली असायची. त्या जागेत त्यानं "जातो" म्हणायचं. आणि अब्बा म्हणायचे, "शाबास." एकदा त्यानं मुद्दाम उत्तर दिलं नाही. ओठ दाबून बसून राहिला, अम्मीनं कोपरानं ढोसलं तरी. ती जागा तशीच रिकामी गेली, टेपची खरखर ऐकू आली, आणि मग अब्बा म्हणाले, "शाबास." तो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेल. त्या दिवशी त्याला रडू आलं नव्हतं. उलट एक सोय कळल्यासारखं वाटलं होतं, की बोलणं माणसांवाचून चालतं. जागा आली की काहीतरी टाकायचं, मग दुसऱ्याचं बोलणं आपोआप पुढं सरकतं. पुढं अब्बा कायमचे परत आले, पडवीत खुर्ची टाकून बसायला लागले, तेव्हा त्यांच्याशी काय बोलावं हे ना अम्मीला कळलं, ना त्याला. कॅसेटमधला माणूस जास्त ओळखीचा होता.

फाइल पुढं चालली होती. एक गोष्ट आता त्याच्या लक्षात येऊ लागली. तो काही विचारायचा आणि शमीम म्हणायची, "काय म्हणालात?" पुन्हा थोड्या वेळानं, "काय?" पुन्हा, "आँ?" त्यानं संगणकावर आकड्यांचा तक्ता उघडला. पुन्हा विचारण्याचा रकाना सतरा नंबरच्या घरात इतर घरांच्या कितीतरी वर होता. तो आकडा त्यानं स्वतः पाहिला होता, शेजारी बारीक अक्षरात 'पावसाचा आवाज' असा शेराही मारला होता. पण पाऊस तर त्या महिन्यात सगळ्याच घरांवर पडत होता. त्यानं पुन्हा ऐकलं. एवढा आकडा समोर असून तो दिसला नव्हता, आणि एवढा आवाज कानात असून तो मोजला नव्हता. दोन्ही हातात होतं, आणि दोन्ही हातांची गाठ पडली नव्हती. काहीतरी होतं तिथं. काय, ते कळत नव्हतं. संध्याकाळच्या त्या जागेपाशी तो आला. "ऐका ना." "हं." मग विराम. कागदावर तो कंसातला एक शब्द होता, इथं त्याला लांबी होती. पाऊस कमी झाला होता. पडवीतून पाणी गळताना ऐकू येत होतं. शमीम उभी होती, तिच्या बांगड्या एकदा वाजल्या. ती वाट बघत होती. त्याला आता, सहा महिन्यांनी, या खुर्चीवर, तिला सांगावंसं वाटलं की बोल, मी आहे. "काही नाही," शमीम म्हणाली, आणि तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

तो सरळ घरी गेला नाही. स्कूटर भाट्याच्या पुलाकडे घेतली, पुलाच्या मध्यावर थांबवली. ओहोटी होती. खाडीत लाकडाच्या होड्या गाळात कलत्या पडल्या होत्या. पावसकडून येणाऱ्या टेंपोतून आंब्याच्या फवारणीचा उग्र वास आला आणि गेला. त्यानं नबीलाला फोन लावला. मुलगी पुण्याला फार्मसीला होती. "अब्बा? काय झालं?" ती लगेच म्हणाली. तो या वेळेला फोन करत नसे, किंबहुना कुठल्याच वेळेला करत नसे, फोन शमीम करायची आणि मधेच त्याच्या हातात द्यायची.

"काही नाही. तुझ्या अम्मीचं विचारायचं होतं."

"अम्मीचं काय?"

"ऑगस्टमध्ये ती कुठं गेली होती, स्टँडजवळ, तुला काही–"

 मग नबीला म्हणाली, "अब्बा, तुम्ही तिलाच विचारा ना." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, असं त्याला वाटलं. तिला ठाऊक होतं. काय असेल ते, तिला ठाऊक होतं, शाळेतल्या बायकांना ठाऊक असेल, कदाचित शेजारच्या मैनाबाईंनाही. एका गोष्टीभोवती सगळी माणसं बसलेली आहेत आणि आपण पडवीत आहोत, असं काहीतरी चित्र त्याच्या डोळ्यांपुढं आलं. पुलावरून एक एसटी गेली, पूल थरथरला, आणि त्यानं स्कूटर चालू केली.

तो घरी आला तेव्हा उन्हं उतरली होती. शमीम स्वयंपाकघरात मोरीपाशी बांगडे साफ करत होती. नळ बारीक सोडलेला होता. त्यानं चपला काढल्या, हात धुतले, आणि चहा न मागता दारात उभा राहिला. असं तो कधी उभा राहत नसे. तिनं मान वळवली.

"काय हो? बरं नाही वाटत?"

"बरा आहे. शमीम, ते रेकॉर्डर लावलेला रविवार आठवतो तुला?"

"ऑगस्टातला? आठवतो की."

"त्या दिवशी तू मला काहीतरी सांगत होतीस. स्टँडजवळ गेली होतीस आदल्या दिवशी."

तिनं बांगड्याच्या कल्ल्यात बोट घालून तो साफ केला, बाजूला ठेवला. "तुम्हाला आज आठवलं होय?"

"आज कागदावर वाचलं."

शमीम थोडी हसली, खाली बघून. "डॉक्टर होता तिथं. कानाचा. मुलं डावीकडच्या बाकांवरून बोलायची ते मला कळायचं नाही, म्हणून गेले होते. डावा कान जातोय म्हणाला. औषधानं येणार नाही, मशीन लावावं लागेल पुढंमागं. घाई नाही म्हणाला." हे सगळं तिनं असं सांगितलं की जणू दुधाचा हिशेब. सांगून सांगून गुळगुळीत झालेलं बोलणं होतं ते, इतरांना सांगून.

 तन्वीर दाराच्या चौकटीला टेकला. "मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच तर आले होते," ती म्हणाली. "तुम्ही गप्प बसलात. मी तीनदा आले. तुम्ही त्यावर शब्द काढला नाहीत."

"मी 'हं' म्हणत होतो."

"म्हणत असाल. मला नाही ऐकू आलं." तिनं दुसरा बांगडा घेतला. "मला तेव्हा वाईट वाटलं थोडं. रात्री नबीलाला फोन केला, रडले पण. पण मग सोमवारी तुम्ही जेवणाच्या टेबलाजवळची तुमची खुर्ची उचलून माझ्या उजव्या बाजूला आणून ठेवलीत. इतकी वर्षं डावीकडे बसत होतात. काही बोलला नाहीत, नुसती खुर्ची आणलीत आणि बसलात. तेव्हा मला कळलं, की तुम्हाला कळलंय. नबीलाला मी सांगितलं पण, की अब्बांना बोलता येत नाही, पण बघ. ती विश्वास ठेवायला तयार नव्हती." तिचा आवाज मऊ झाला होता. "म्हणून मग मी पण विषय नाही काढला पुन्हा. म्हटलं, ज्याला जसं जमतं."

तन्वीर तिच्या पाठीकडे बघत राहिला. नबीलानं फोन ठेवला तेव्हा त्याला जी शिक्षा वाटली होती ती या शिक्षेपुढं काहीच नव्हती. सहा महिने या घरात एक माणूस राहत होता, कमी बोलणारा, पण समजून घेणारा, बायकोचा कान गेला तर न बोलता खुर्ची हलवणारा. शमीम त्या माणसाबरोबर जेवत होती, त्याला वाढत होती, त्याच्यासाठी मुलीशी भांडत होती. आणि तन्वीरची त्याच्याशी कधी भेटही झाली नव्हती. खुर्ची त्यानं हलवली होती हे खरं. उजवीकडच्या भिंतीत नवा प्लग बसवला होता, लॅपटॉपची वायर तिथवर पोचत होती, म्हणून. गप्प राहिलं तर हे कुणालाच कळणार नव्हतं. कुठल्या रकान्यात ते येणार नव्हतं, मनस्वी कितीही वेळा वाचत बसली तरी तिला सापडणार नव्हतं. शमीमचं सगळं ठीक चाललं होतं. फक्त ज्याच्याबरोबर चाललं होतं तो माणूस तन्वीर नव्हता, आणि गप्प राहिलं तर तन्वीर मात्र इथं जन्मभर दारातच उभा राहणार होता.

"खुर्ची मी वायरसाठी हलवली होती," तो म्हणाला.

नळ चालू होता. तो तिच्या डाव्या अंगाला उभा होता. शमीमनं मान किंचित वर केली. "काय म्हणालात?"

अजूनही काहीही म्हणता आलं असतं. तो तिच्या मागून वळसा घालून पलीकडं गेला, ओट्याला टेकला, तिच्या उजव्या हाताशी. खवल्यांचा ओला वास आला. "खुर्ची," तो म्हणाला. "मी ती लॅपटॉपच्या वायरसाठी हलवली होती. नवा प्लग होता म्हणून. मला काही माहीत नव्हतं, शमीम. मला आज कळलं. आत्ता, तू सांगितलंस तेव्हा."

तिनं नळ बंद केला. हातातला बांगडा तिनं हळूच ताटलीत ठेवला, बोटं पाण्याच्या भांड्यात बुडवली, तशीच ठेवली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, इतक्या जवळून त्यानं तो बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. त्यावर राग येईल म्हणून तो थांबला. राग आला नाही. काहीतरी आवरून ठेवताना माणसाचा चेहरा होतो तसा तो झाला, एखादा कपडा नीट घडी करून कपाटाच्या वरच्या खणात सरकवताना होतो तसा.

"वायरसाठी," ती म्हणाली.

"हो."

मशिदीच्या बाजूनं कुणीतरी पोरांना हाका मारत होतं. ती फडक्याला हात पुसत तिथंच उभी राहिली. त्याला वाटलं, आता ती जाईल, आत, नाहीतर पडवीत. ती गेली नाही.

त्याला विचारायचं होतं. त्यानं आयुष्यभर प्रश्नांना खुणा दिल्या होत्या, आणि आता साधा एक प्रश्न जुळत नव्हता. शेवटी तो म्हणाला, "त्या कानात काय होतं? म्हणजे काहीच ऐकू येत नाही, का–"

शमीमनं लगेच उत्तर दिलं नाही. तो मध्ये काही बोलला नाही.

"आवाज येतो एक," ती म्हणाली. "सगळे विचारतात समुद्रासारखा का. समुद्रासारखा नाही. समुद्र थांबून थांबून येतो. हा, शेजारच्या खोलीत कुणी शिलाईचं मशीन चालू ठेवून निघून जावं, तसा."

"सारखा?"

"सारखा. आत्ता पण आहे."

तन्वीरनं श्वास धरला आणि कान दिला. नळाच्या तोंडाशी एक थेंब जमत होता. भिंतीवर घड्याळ चालत होतं, बाहेर पोरं घरी परतत होती. शमीम मान थोडी कलती करून, त्या मशीनकडे ध्यान लावून, त्याच्या शेजारी उभी होती. त्याला ते ऐकू येत नव्हतं.